मिडसाइझ जेटचे आकडे कसे वाचायचे आणि विमानं खरी कशी ताडून बघायची: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

न्यूयॉर्कजवळचं टेटरबोरो ते लॉस एंजेलिसजवळचं व्हॅन नाइस हे अंतर साधारण २,१०० नॉटिकल मैल आहे (एक नॉटिकल मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर). आणि सायटेशन एक्सएलएस प्लस या मिडसाइझ, म्हणजे मध्यम आकाराच्या, खासगी जेटच्या माहितीपत्रकात रेंज, म्हणजे एकदा इंधन भरून जाता येईल ते अंतर, लिहिलेली असते तीही २,१०० नॉटिकल मैल. नवीन माणूस हे दोन आकडे शेजारी-शेजारी बघतो आणि म्हणतो की झालं, पोचलं विमान. पण हिवाळ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना ते विमान वाटेत इंधनाला उतरतंच, आणि यात कंपनी खोटं बोलली असं काही नाही, आकडा खराच आहे, फक्त तो तुमच्या ट्रिपचा आकडा नाही. हा लेख त्याच गोष्टीबद्दल आहे. विमानांची तुलना करायची म्हणजे खरं तर एकाच ट्रिपवर, एकाच वजनाला, एकाच हवेत, एकाच राखीव इंधनाच्या नियमाने सगळी विमानं चालवून बघायची, कागदावर का होईना.

मी फ्लाइट प्लॅनिंगच्या कामात नवीन होतो तेव्हा मीही रेंजचा कॉलम बघून विमान सुचवायचो. एकदा तसंच सुचवलं, प्रवासी आठ झाले, सामान वाढलं, समोरून वारा होता, आणि ज्यांना थेट पोचवतो म्हणून शब्द दिला होता त्यांना वाटेत पाऊण-एक तास थांबावं लागलं. त्यांची पुढची मीटिंग गेली. तेव्हापासून मी आधी ट्रिप लिहितो आणि मग विमानाकडे बघतो, तुम्हीही तिथूनच सुरू करा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या

"मिडसाइझ" हा शब्द कुठल्या कायद्यात नाही. तो बाजाराचा शब्द आहे. एक्सएलएस प्लसचं कमाल टेकऑफ वजन २०,२०० पौंड, हॉकर ८००एक्सपीचं २८,०००, सायटेशन लॅटिट्यूडचं ३०,८००, आणि ज्याला सुपर-मिडसाइझ म्हणतात त्या चॅलेंजर ३००चं ३८,८५०. म्हणजे बोलताना एकाच टोपलीत टाकतो त्या विमानांमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक आहे. त्यामुळे "मिडसाइझमध्ये बेस्ट कोणतं" या प्रश्नाला उत्तर नसतं, "चार माणसं, या दोन विमानतळांमध्ये, जानेवारीत, थेट, कोणतं" याला असतं.

पायरी १: तुमच्या ट्रिपा लिहून काढा

वर्षभरातल्या ट्रिपा घ्या. सगळ्यात लांब एक, सगळ्यात जास्त वेळा होणारी एक, आणि सगळ्यात अवघड विमानतळाची एक. तीन पुरतात. प्रत्येकीपुढे माणसं किती, सामान किती, कोणत्या महिन्यात, दुपारी निघणार की पहाटे, एवढं लिहा. दुपार-पहाट का विचारतोय ते चौथ्या पायरीला कळेल.

इथे एक चूक सगळेच करतात, वर्षातून एकदा होणाऱ्या लांब ट्रिपसाठी विमान निवडतात आणि बाकी तीनशे चौसष्ट दिवस मोठ्या विमानाचं इंधन जाळतात. माझ्या मते नेहमीच्या ट्रिपला सगळ्यात जास्त वजन द्यावं आणि लांब ट्रिपला एक थांबा पचवावा. अर्थात ती लांब ट्रिप जर तुमच्या कामाचा गाभाच असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी २: रेंजच्या आकड्यामागच्या अटी वाचा

माहितीपत्रकातल्या रेंजखाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं एनबीएए आयएफआर, चार प्रवासी, लाँग रेंज क्रूझ. या तीन शब्दांत सगळं आहे.

एनबीएए ही अमेरिकेतली बिझनेस विमानांची संघटना, आयएफआर म्हणजे उपकरणांच्या आधाराने उडायचे नियम, आणि एनबीएए आयएफआर हा राखीव इंधन मोजायचा एक ठरलेला प्रकार आहे. विमान पोचलं, उतरता आलं नाही, परत वर चढलं, २०० नॉटिकल मैलांवरच्या पर्यायी विमानतळाला गेलं, तिथे ५,००० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घातल्या आणि मग उतरलं, एवढं इंधन शिल्लक धरून ही रेंज काढलेली असते. म्हणजे हा आकडा तसा जबाबदारीचा आहे. पण काही विमानांच्या बाबतीत, विशेषतः लहान जेटमध्ये, पर्यायी विमानतळ १०० मैलांवर धरलेला असतो, आणि कधी नुसती व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बघून उडायच्या नियमांची, रेंज छापलेली असते. ती आकड्याने मोठी दिसते आणि नवखा माणूस फसतो. दोन विमानांच्या रेंजची तुलना करायची तर दोन्हीकडे राखीव इंधनाची अट एकच आहे ना, एवढं आधी बघा, नसेल तर तुलना तिथेच थांबवा.

चार प्रवासी म्हणजे हिशोबात प्रत्येकी सामानासकट २०० पौंड, एकूण ८०० पौंड. लॅटिट्यूडची २,७०० नॉटिकल मैल ही रेंज चार प्रवाशांचीच आहे, प्रेटर ५००ची ३,३४० सुद्धा चारांचीच. केबिनमध्ये आठ-नऊ खुर्च्या आहेत म्हणून आठ माणसं बसवली तर हा आकडा तुमचा राहत नाही.

आणि क्रूझ म्हणजे वर पोचल्यावरचं सरळ उड्डाण, लाँग रेंज क्रूझ म्हणजे त्यात विमान सावकाश चालवलेलं आहे. वेगाच्या कॉलममध्ये मात्र हाय स्पीड क्रूझ छापतात. दोन्ही आकडे खरे, पण एकाच उड्डाणात दोन्ही मिळत नाहीत. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धी लढाई जिंकलात.

पायरी ३: वजनाचा हिशोब, आणि हा स्वतःच्या हाताने करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते पण सगळी गंमत इथेच आहे. प्रत्येक विमानाला एक कमाल टेकऑफ वजन असतं. त्यातून विमानाचं स्वतःचं तयार वजन वजा करा, म्हणजे रिकामं विमान, दोन पायलट, त्यांच्या बॅगा, तेल, पाणी, केटरिंग सगळं धरून, याला बेसिक ऑपरेटिंग वेट म्हणतात. उरलेल्यात माणसं आणि इंधन दोघांनी वाटून घ्यायचं असतं.

समजा एक काल्पनिक विमान आहे. कमाल टेकऑफ वजन ३०,००० पौंड, तयार वजन १८,६००, टाकीत मावतं ११,००० पौंड इंधन. सहा प्रवासी बसले, १,२०० पौंड झाले. आता १८,६०० अधिक १,२०० म्हणजे १९,८००, इंधनाला उरले १०,२००. टाकी ११,०००ची आहे पण ८०० पौंड भरताच येणार नाही. क्रूझमध्ये तासाला १,६०० पौंड जळत असेल तर ८०० म्हणजे अर्धा तास, म्हणजे दोनशेच्या वर नॉटिकल मैल गेले. आठ प्रवासी झाले तर आणखी ४०० पौंड, म्हणजे एकूण पाऊण तासाचं उड्डाण कमी. बघा, कुठलीही खराबी नाही, कुठलाही वारा नाही, नुसती माणसं चढली आणि तीनशे मैलांच्या आसपास रेंज गेली.

यात आणखी एक मेख आहे ती म्हणजे तयार वजन. माहितीपत्रकातलं तयार वजन हे साध्या विमानाचं असतं. खऱ्या विमानात जास्तीची उपकरणं असतात, सॅटेलाइट इंटरनेट असतं, जाड सोफा असतो, लाकडी पॅनेल असतं, नंतर कुणीतरी केबिन नव्याने केलेली असते. चारशे-पाचशे पौंड सहज वाढलेलं असतं. म्हणून मॉडेलचं वजन विचारू नका, त्या ठराविक विमानाचा वजनाचा रिपोर्ट मागा, त्याच्या सीरियल नंबरचा. विकणारा किंवा ऑपरेटर तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर मी तरी पुढे जाणार नाही.

पायरी ४: धावपट्टी, उंची आणि ऊन

माहितीपत्रकातलं टेकऑफचं अंतर हे समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअसला, कमाल वजनाला असतं. लॅटिट्यूडचं ३,५८० फूट, एक्सएलएस प्लसचं ३,५६०, लिअरजेट ६०चं साधारण ५,४५०. हे अंतर म्हणजे विमान किती फुटांत उचललं जातं ते नव्हे बरं का. एक इंजिन ऐन वेळी बंद पडलं तर एकतर थांबता आलं पाहिजे किंवा उरलेल्या एका इंजिनवर उडता आलं पाहिजे, हे दोन्ही ज्यात बसतं ते अंतर. थांबायचं की उडायचं हे ज्या वेगाला ठरतं त्याला व्ही१ म्हणतात, व्ही१ नंतर थांबायचा विचार करायचा नाही.

लिअरजेट ६० आणि लॅटिट्यूडमध्ये एवढा फरक का, हे समजून घेण्यासारखं आहे, मला स्वतःला हे उदाहरण फार आवडतं. लिअरजेट ६०ची दोन इंजिनं प्रत्येकी ४,६०० पौंड थ्रस्टची, म्हणजे पुढे ढकलण्याच्या जोराची, आणि वजन २३,५००. लॅटिट्यूडची प्रत्येकी ५,९०७ आणि वजन ३०,८००. भागाकार केलात तर दोघांचा वजनाच्या मानाने थ्रस्ट जवळपास सारखा येतो, ०.३८ ते ०.३९. मग धावपट्टी जवळजवळ दोन हजार फूट जास्त का लागते? तर पंखामुळे. लिअरजेट ६०च्या पंखाचं क्षेत्रफळ २६४ चौरस फुटांच्या आसपास, लॅटिट्यूडचं ५४३. म्हणजे लिअरजेटच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ८९ पौंड ओझं आणि लॅटिट्यूडच्या प्रत्येक चौरस फुटावर ५७. लहान पंखाला उचलायला वेग जास्त लागतो, वेग जास्त म्हणजे धाव जास्त, आणि तेवढ्याच वेगावरून थांबायचं म्हणजे ब्रेकवर आणि टायरवर ताणही जास्त. बदल्यात लिअरजेटला काय मिळालं, तर हवेत कमी विरोध, झपाट्याने चढणं, ५१,००० फुटांपर्यंतची परवानगी, आणि खडबडीत हवेत कमी हिसके, कारण जास्त ओझ्याचा पंख झुळकीला कमी दाद देतो. म्हणजे एक विमान चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही, दोघांनी वेगवेगळ्या गोष्टींची किंमत मोजली आहे.

टायरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९ सप्टेंबर २००८ला अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाला एका लिअरजेट ६०चा टेकऑफच्या वेळी अपघात झाला, चार जणांचा जीव गेला. चौकशीत निघालं की टायरमध्ये हवा खूप कमी होती, टायर फुटले, आणि व्ही१ ओलांडल्यावर टेकऑफ सोडून द्यायचा प्रयत्न झाला. कागदावरचं थांबायचं अंतर हे टायर, ब्रेक, सगळं नीट आहे असं धरून असतं. कामगिरीच्या तक्त्यात देखभालीचा कॉलम नसतो पण देखभाल त्या प्रत्येक आकड्यात असते.

आता ऊन. हवा तापली की विरळ होते, पंखाला उचल कमी, इंजिनाला हवा कमी. अंदाजाला एक सोपा हिशोब आहे: त्या उंचीला प्रमाण तापमान किती असायला हवं ते काढा, समुद्रसपाटीला १५ आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी. त्यापेक्षा जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट, आणि ते विमानतळाच्या उंचीत मिळवा. उदाहरणार्थ विमानतळ २,००० फुटांवर आहे, दुपारचं तापमान ३५. प्रमाण तापमान ११ हवं होतं, २४ जास्त आहे, २४ गुणिले १२० म्हणजे २,८८०. म्हणजे विमानाला वाटतंय की आपण ४,८८० फुटांवर उभे आहोत. पहाटे १८ अंशाला तेच विमानतळ २,८४०चं वाटतं. म्हणूनच पहिल्या पायरीला दुपार की पहाट विचारलं. कधी कधी निघायची वेळ तीन तास अलीकडे घेणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय असतो, विमान बदलायची गरजच पडत नाही.

इंजिनं वेगवेगळ्या तापमानापर्यंत पूर्ण थ्रस्ट देतात, त्याला फ्लॅट रेटिंग म्हणतात. त्या तापमानापर्यंत थ्रस्ट टिकतो आणि मग उतरायला लागतो. दोन विमानांचा थ्रस्ट १५ अंशाला सारखा असला तरी ३५ला सारखा असेलच असं नाही, त्यामुळे उन्हाळ्यातल्या ट्रिपसाठी तुलना उन्हाळ्याच्याच तापमानाला करा.

आणि धावपट्टी लांब आहे म्हणजे सुटलो असंही नाही. कोलोरॅडोतलं ॲस्पेन बघा, धावपट्टी ८,००६ फूट, ऐकायला भरपूर, पण विमानतळ ७,८०० फुटांच्या वर आणि चारी बाजूला डोंगर. तिथे प्रश्न धावपट्टीचा कमी आणि एका इंजिनवर चढण्याचा जास्त असतो. दोन इंजिनांच्या या वर्गातल्या विमानाला चाकं वर घेतल्यानंतर एका इंजिनवर किमान २.४ टक्के चढ दाखवता यावा लागतो, आणि डोंगर चुकवायला याहून कितीतरी जास्त लागतो. उंची आणि ऊन वाढलं की ही चढण्याची ताकद धावपट्टीच्या आधी संपते, आणि वजन कमी करावं लागतं. वजन कमी म्हणजे इंधन कमी, इंधन कमी म्हणजे रेंज कमी. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलमध्ये वजन, उंची, तापमान यांची मर्यादा देणारा तक्ता असतो, धावपट्टीच्या तक्त्याआधी तो उघडा.

पायरी ५: उतरायचं अंतर दीड पटीच्या वर धरा

फ्लाइट मॅन्युअलमधलं उतरायचं अंतर हे टेस्ट पायलटने कोरड्या धावपट्टीवर जोरात ब्रेक लावून काढलेलं असतं. प्रवासी घेऊन भाड्याने उडणाऱ्या जेटला बहुतेक ठिकाणी धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता येईल असं दाखवावं लागतं. मॅन्युअलमध्ये २,५०० फूट असेल तर ०.६ने भागा, साधारण ४,१७० फूट. ओली धावपट्टी असेल तर त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे ४,८००च्या जवळ. आता प्रेटर ५००चं उतरायचं अंतर २,०८६ फूट असं जे छापतात ते या हिशोबाच्या आधीचं आहे. एका कंपनीने या हिशोबाआधीचं छापलं आणि दुसऱ्याने नंतरचं, तर तुमचा तक्ता वाया गेला.

स्वतःच्या मालकीचं विमान खासगी कामाला उडवताना अमेरिकेत हा ६० टक्क्यांचा नियम लागू नाही, तरी मी धरतो. सगळ्यांना तेच सांगतो.

लंडन सिटीसारखं विमानतळ तुमच्या यादीत असेल तर तो वेगळाच विषय. धावपट्टी १,५०८ मीटर आणि खाली यायचा कोन ५.५ अंश, नेहमीचा ३ असतो. त्यासाठी विमानाला आणि पायलटला वेगळी मान्यता लागते, त्यामुळे आकडे बघायच्याही आधी मान्यता आहे का ते विचारा.

पायरी ६: वेगाचा मोह आवरा

सायटेशन एक्स हे विमान माख ०.९२ला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ९२ टक्क्यांनी, जातं, वाचायला भारी वाटतं. पण वेगाने प्रत्यक्षात मिनिटं किती वाचतात ते बघा. छत्तीस हजार फुटांच्या वर प्रमाण हवेत माख ०.७५ म्हणजे साधारण ४३० नॉट (तासाला ४३० नॉटिकल मैल) आणि माख ०.८० म्हणजे ४५९. पाचशे मैलांच्या ट्रिपला पहिल्याला ७० मिनिटं, दुसऱ्याला ६५. पाच मिनिटं. तीही सगळं अंतर क्रूझमध्येच कापलं असं धरून, प्रत्यक्षात चढण्या-उतरण्यात दोघंही सारखेच अडकतात आणि टॅक्सी करताना तर काहीच फरक नाही. २,००० मैलांना २७९ आणि २६१, म्हणजे १८ मिनिटं. आता ती १८ मिनिटं वाचवण्यासाठी जास्त इंधन जळून वाटेत थांबावं लागलं तर एक थांबा पाऊण तासाला पडतो. लांब ट्रिपवर सावकाश जाणारं विमान आधी पोचतं असं कितीतरी वेळा होतं.

पायरी ७: वारा, आणि उंची

परत टेटरबोरो ते व्हॅन नाइस. समजा विमान ४३० नॉटने जातंय आणि समोरून सरासरी ८० नॉटचा वारा आहे, हिवाळ्यात यात नवल काही नाही. जमिनीवरचा वेग ३५०, म्हणजे २,१०० मैलांना सहा तास. सहा तासांत विमानाने हवेतून कापले ते ६ गुणिले ४३०, म्हणजे २,५८० मैल. तुमच्या विमानाची रेंज या २,५८०शी ताडायची, २,१००शी नाही. परत येताना तोच वारा पाठीमागून, वेग ५१०, चार तास सात मिनिटांत घरी, आणि हवेतून कापले फक्त १,७७०च्या आसपास. म्हणून ताडताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेची ट्रिप घ्या. वर्षभराची सरासरी घेऊ नका, कारण सरासरी म्हणजे अर्ध्या वेळा वारा त्याहून वाईट असणार. प्लॅनिंगवाले बऱ्याचदा ८५ टक्के वेळा पुरेल असा वारा धरतात, तो बरा.

उंचीचं असं की वर जाल तसं इंधन कमी जळतं, आणि ४१,००० फुटांच्या वर एअरलाइनची गर्दी जवळजवळ संपते, त्यामुळे थेट मार्ग मिळायची शक्यता वाढते. पण ४५,००० फुटांची परवानगी आहे याचा अर्थ भरलेलं विमान निघाल्याबरोबर ४५,०००ला जातं असा नाही. जड विमान आधी एखाद्या खालच्या उंचीवर थांबतं, इंधन जळून हलकं झालं की चढतं, पुन्हा थांबतं. वरची हवा प्रमाणापेक्षा दहा अंश गरम असेल तर ही पहिली उंची आणखी खाली येते. म्हणून विचारायचा प्रश्न "कमाल उंची किती" हा नाही, "कमाल वजनाला, दहा अंश गरम हवेत, पहिल्यांदा कुठे जाऊन थांबता आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात" हा आहे. हा एक प्रश्न विचारलात की समोरच्याला कळतं तुम्ही अभ्यास करून आलाय.

पायरी ८: इंधन तासाने नाही, ट्रिपने मोजा

"तासाला इतकं जळतं" हा आकडा सरासरीचा असतो आणि सरासरी लपवते. पहिल्या तासात चढाई असते, ती खाऊ असते. समजा एखादं विमान पहिल्या तासाला २,२०० पौंड, दुसऱ्याला १,७०० आणि पुढे दर तासाला १,५०० जाळतं. ३०० मैलांच्या ट्रिपला साधारण २,००० पौंड गेले तर मैलाला पावणेसात पौंड पडले. २,००० मैलांच्या ट्रिपला आठ हजारांच्या थोडं वर गेलं तर मैलाला चार. तेच विमान, तोच पायलट. त्यामुळे तुमच्या बहुतेक ट्रिपा छोट्या असतील तर ज्या विमानाची लांब पल्ल्यातली कंजुषी प्रसिद्ध आहे ते तुम्हाला स्वस्त पडेलच असं नाही, तिथे हलकं विमान जिंकतं.

जाता जाता, अमेरिकन तक्त्यात इंधन कधी गॅलनमध्ये असतं कधी पौंडात, एक गॅलन म्हणजे साधारण ६.७ पौंड.

पायरी ९: कागद बाजूला ठेवा आणि खरी उड्डाणं बघा

आता ही सोय आहे आणि ती फुकट आहे, तरी नवीन लोक वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत बहुतेक नियंत्रित हवाई हद्दीत विमानाला एडीएस-बी, म्हणजे स्वतःची जागा आणि वेग सतत कळवत राहणारं उपकरण, लावणं बंधनकारक झालं, त्यामुळे विमान कुठे, किती उंचीवर, जमिनीवरच्या किती वेगाने चाललंय हे फ्लाइटअवेअर किंवा फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर दिसतं. तुमच्या मार्गावर तेच मॉडेल प्रत्यक्षात काय करतं ते बघा. थेट जातं की वाटेत उतरतं? सुरुवातीला ३९,०००ला थांबतं की सरळ ४३,०००ला? हे एका संध्याकाळी दहा-बारा उड्डाणं बघून कळतं.

फक्त एक काळजी घ्या, तिथला वेग वाऱ्यासकट असतो. ५२० नॉट बघून खूश होऊ नका, पाठीमागून वारा असेल. त्याच दिवशी, जवळपास त्याच वेळी, त्याच उंचीवर उलट दिशेने जाणारं तेच मॉडेल शोधा आणि दोन वेगांची सरासरी काढा. वारा बराचसा कटतो आणि विमानाचा खरा वेग हाती येतो. तुम्हाला दिसेल की बरीच विमानं माहितीपत्रकातल्या कमाल वेगापेक्षा बरीच खाली चालवली जातात, कारण इंधन वाचतं आणि इंजिनावर ताण कमी पडतो. तो जो रोजचा वेग आहे तो तक्त्यात लिहा.

पायरी १०: चालवणाऱ्यांना नेमके प्रश्न विचारा

"विमान कसं आहे" असं विचारलंत तर "मस्त आहे" एवढंच ऐकू येईल. त्यापेक्षा असं विचारा: गेल्या दहा लांब उड्डाणांत उतरताना टाकीत किती पौंड शिल्लक होतं? प्लॅनमध्ये लिहिलेलं आणि प्रत्यक्ष जळलेलं यात किती फरक पडतो, प्रत्येक वेळी त्याच बाजूला पडतो का? उन्हाळ्यात किती वेळा माणसं किंवा इंधन खाली ठेवावं लागलं? पंखावरचं बर्फ वितळवणारी यंत्रणा चालू केली की चढण्यावर किती परिणाम होतो? इंजिनातून गरम हवा काढून घेणाऱ्या यंत्रणेत हा परिणाम चांगलाच जाणवतो आणि माहितीपत्रकात तो कुठेच नसतो.

पायलट लोक अशा प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात, माझा तरी अनुभव असाच आहे. हॉकरचा पायलट तुम्हाला लिफ्ट डंपबद्दल सांगेल, उतरल्यावर फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, जवळजवळ उभे करून उचल संपवायची ती युक्ती, आणि सांगताना त्याचे हातही तसेच वळतील. त्यातून विमान कळतं.

पायरी ११: तक्ता

शेवटी कागदावर तक्ता काढा. उभ्या रांगेत विमानं, आडव्या रांगेत तुमच्या तीन ट्रिपा. चौकटीत रेंज लिहू नका. लिहा: या माणसांसह, या तापमानाला, या वाऱ्यात, थेट जातं की नाही, दारापासून दारापर्यंत किती वेळ, किती पौंड इंधन, उतरताना किती शिल्लक. फोरफ्लाइटसारखं प्लॅनिंग सॉफ्टवेअर हाताशी असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे, नसेल तर वरच्या हिशोबांनी एका दुपारी होतं, उत्तर थोडं ढोबळ येईल पण दिशा बरोबर असेल. उतरताना शिल्लक अगदी काठावर येत असेल, प्लॅनच्या राखीवपेक्षा शे-दोनशे पौंडच वर, तर ती ट्रिप "थेट जात नाही" मध्ये धरा.

आणि तक्त्यावर विमानाचा सीरियल नंबर आणि तारीख घालायला विसरू नका. एकाच मॉडेलच्या विमानांत एकाला नंतर विंगलेट, म्हणजे पंखाच्या टोकाचे वर वळलेले छोटे भाग, बसवलेले असतात, दुसऱ्याची इंजिनं ओव्हरहॉलच्या जवळ आलेली असतात आणि तेवढाच थ्रस्ट द्यायला जास्त तापतात, तिसऱ्याची केबिन नवी आणि दोनशे पौंड जड झालेली असते, त्यामुळे गेल्या वर्षीचा तक्ता या वर्षीच्या विमानाला लावण्याआधी वजनाचा रिपोर्ट पुन्हा मागवा.